कॉलरला बसणाऱ्या अक्काचं अल्टर कमी होईना, शिकवायचं कसं?

लाइन_नंबर_तीन

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. आधी माझ्याकडे डिस्पॅच होतं, दिवाळीनंतर शिलाईची लाइनपण आली. आता सीझन डोक्यावर आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल दुकानांत पोचला पाहिजे, त्यामुळे एप्रिल-मेत आमच्याकडे मान वर करायला सवड नसते. त्यात सोलापूरचं ऊन. पत्र्याखाली दुपारी तीन वाजता काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

अडचण एका बाईंची आहे. नाव लिहीत नाही, सगळी लाइन त्यांना अक्का म्हणते. पन्नाशीच्या अलीकडे वय, शहराच्या पूर्व भागात राहतात, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. शर्टाला कॉलर लावायला बसतात. हात भलता जलद, पण अल्टर फार, म्हणजे चुकलेले, परत उसवून लावायचे पीस. कॉलरचं एक टोक वर आणि एक खाली, किंवा गळ्याच्या मागं चुणी. चेकिंगवरून बंडल परत येतं, मग उसवायचं आणि परत लावायचं. उसवलं की पांढऱ्या कापडावर जुन्या टिपेची भोकं दिसतात. पुढं बटणपट्टीवाल्या बायका हात बांधून बसतात आणि त्यांची बोलणी मी खातो.

मी समजावून सांगितलं. शेजारच्या बाईंचा चांगला पीस पुढ्यात ठेवून दाखवला. एकदा आवाजही चढवला. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस काम एकदम स्वच्छ येतं, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे येत नाही असंही म्हणता येईना. मालक म्हणतात, काढून टाक, दुसरी बघ. अहो, सीझनमध्ये कॉलरला बसणारी बाई मिळते कुठं? आणि मला त्यांना काढायचंही नाही. दांडी नाही, कुरकुर नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा लाइन सोडून गेल्या नाहीत.

मोबाइलवर मॅनेजरसाठी कोचिंगचे व्हिडिओ बघितले. सगळे एसीत बसणाऱ्यांसाठी. "तुमचं ध्येय काय, ते मला सांगा," असं अक्काला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, "साडेसहाला घरी जायचं सर." कोणी खरंच लाइनवर कामगार घडवला असेल तर सांगा, मी नेमकं काय करू?

---

जुळे_सोलापूरकर

एवढं कशाला? अल्टर झालेल्या पीसचे पैसे देऊ नका. आठवड्याच्या पगाराचा एक हप्ता कमी पडला की हात आपोआप वळणावर येतो. पैशाशिवाय कोणी सुधारत नाही, बाकी सगळ्या गप्पा.

---

सुईदोरा

जुळे_सोलापूरकर भाऊ, तुम्ही मशीनवर बसलेले दिसत नाही. मी लग्नाआधीपासून बसत होते, आता चेकिंगला आहे. अल्टरचे पैसे कापले की काय होतं, ऐका. वाईट पीस बंडलच्या मधोमध जातात आणि वरखाली चांगले ठेवले जातात. चेकर घाईत असली की ते पुढं सरकतात आणि थेट दुकानातून परत येतात. नाहीतर ती बाई शेजारणीला चहा पाजून स्वतःचं अल्टर तिच्याकडून गुपचूप करून घेते. आकडा कमी दिसतो, काम तेच राहतं.

लाइनवाले सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. दोन-तीन दिवस स्वच्छ येतं म्हणता, म्हणजे हाताला येतं. मग पुढं का बिघडतं? अक्का पीस रेटवर, म्हणजे जेवढे पीस तेवढे पैसे, अशा आहेत ना? तुम्ही लिहिलं नाही, पण कॉलरला बसणारी बाई बहुतेक पीस रेटवरच असते. तुम्ही बोललात की त्या सावकाश करतात. कॉलर मध्ये थांबून बघतात, दोन्ही टोकं जुळवतात. सावकाश केलं की पीस कमी निघतात. शनिवारी हप्ता हातात पडतो तेव्हा कळतं की साहेबाचं ऐकून आपलेच पैसे गेले. सोमवारपासून परत जोरात.

शिकताना हात मंदावतो, कोणाचाही. त्या मंदावलेल्या हाताचे पैसे कारखाना देणार की अक्का आपल्या पदरचे घालणार, हे आधी मालकांना विचारा. ते ठरत नाही तोवर तुमचं कोचिंग म्हणजे बाईंना बसलेला दंड आहे.

आणि एक. शेजारणीचा पीस पुढ्यात ठेवून दाखवला म्हणालात. ती शेजारीण वयानं लहान असेल तर तो विषय अक्का दिवाळीपर्यंत विसरणार नाहीत. पुढच्या वेळी त्यांचाच चांगला पीस ठेवा.

---

टॉवेलवाले_काका

सुईदोरा ताई लाखमोलाचं बोलल्या. मी आता रिटायर आहे. बरीच वर्षं टेरी टॉवेलच्या युनिटला इन्चार्ज होतो. वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत मागावर होते, त्यामुळे गिरणीतलं शिकणं कसं असायचं ते घरात ऐकलेलं. बदली म्हणून लागायचं, जुन्या गड्याच्या मागं उभं राहायचं, बघायचं आणि शिव्या खायच्या. कोणी शिकवायचं नाही, तरी पोरं शिकायची, हे खरं. पण शिकली ती आपल्याला दिसतात. न शिकता गावाकडं परतली ती कुठं दिसतात?

बाळा, तुला एकच विचारतो. अक्काच्या शेजारी स्टूल टाकून, काही न बोलता, तू कधी बसलायस का? तुझ्या पोस्टमध्ये तू पीस बघितलेस, अल्टर बघितलंस, चेकिंगचं टेबल बघितलंस. अक्काचे हात बघितल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

आमच्याकडचं सांगतो. टेरीच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन भीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात. एक जमिनीचा, तो ताठ. दुसरा लूपचा, तो सैल. सैल ताण्यातून लूप उठतो, म्हणून टॉवेल अंगाला मऊ लागतो. लूपचा भीम किती सैल सुटायचा ते आमच्या जुन्या मागांवर दोरी आणि वजनावर असायचं. वजन जरा सरकलं की लूप आखूड, टॉवेल खरखरीत आणि काट्यावर हलका. एका पोराच्या मागावर रोज सकाळी असाच माल निघायचा, दुपारनंतर सुधारायचा. सुपरवायझरनं ठरवून टाकलं की पोरगा झोपेत येतो. त्याला दोनदा घरी पाठवलं.

मी एका सकाळी त्याच्या मागापाशी जाऊन उभा राहिलो. हातात वही नाही, काही नाही. पोरगा माग चालू करायच्या आधी त्या वजनाकडं बघायचा, मग माझ्याकडं बघायचा आणि दांडा ओढायचा. मी विचारलं, "काय बघतोस?" म्हणाला, "रात्रपाळीवाला वजन सरकवून जातो काका." मग नीट का करत नाहीस? तर जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, दम दिला होता, वजनाला हात लावलास तर याद राख. दुपारी जॉबर फेरीला आला की तोच ते सरकवायचा, म्हणून दुपारनंतर माल चांगला. पोराला कारण पहिल्यापासून ठाऊक होतं, त्याला विचारलं कोणी नव्हतं. त्याला शिकवायचं असं काही नव्हतंच. जॉबर आणि रात्रपाळीवाला या दोघांना समोरासमोर बसवलं, वजनाच्या जागेवर रंगाची खूण केली, विषय संपला.

म्हणून म्हणतो, आधी बस आणि बघ. काम का बिघडतं याची कारणं निरनिराळी असतात. माणसाला ते माहीतच नसतं, किंवा माहीत असून हात बसलेला नसतो, किंवा हात बसलेला असून काहीतरी आड येतं. शिकवणं पहिल्या दोनांना लागू पडतं. तिसऱ्याला कितीही शिकव, पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझ्या पाहण्यात तिसरंच जास्त.

बसलास की एक प्रश्न विचार. "असं का होतं" असं विचारू नको. त्याला माणूस सबबी सांगतो, तूपण सांगशील. असं विचार: "अक्का, हा पीस बिघडणार हे तुम्हाला कधी कळतं?" आणि गप बस. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ मॅनेजर लोकांना निघत नाही, लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

आता शिकवायची पद्धत. मालकांनी मला पुण्याला एका ट्रेनिंगला धाडलं होतं, तिथं एक जुनी गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यांतली माणसं फौजेत गेली आणि नवख्यांना झटपट तयार करायची पाळी आली. १९४० साली त्यांनी मुकादमांना शिकवायला शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम काढला. युद्धानंतर तो जपानी कारखान्यांनी उचलला. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या आहेत. माणसाला निवांत करून त्याला काय येतं ते आधी विचारायचं. मग करून दाखवायचं, एका वेळी एकच टप्पा, आणि त्यातली मेख कुठं आहे ते बोलून. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि मेख कोणती, ती का, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. मग त्याला एकट्याला सोडायचं, पण पहिल्यांदा थोड्या थोड्या वेळानं येऊन बघायचं, नंतर हळूहळू येणं कमी करायचं. त्या लोकांचं एक बोलणं मला आवडलं, कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही.

आपल्याकडं तिसरी पायरी सगळे खातात. दाखवलं, "कळलं का?" विचारलं, समोरच्यानं मान हलवली, झालं. सोलापुरात तर बऱ्याच लोकांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड. साहेबाच्या मराठीला मान हलवणं ही रीत आहे, त्याचा अर्थ कळलं असा होत नाही. अक्काला कारण तेलुगूत सांगू दे, लाइनवरची एखादी पोरगी तुला मराठीत सांगेल. स्वतःच्या भाषेत सांगताना कुठं अडतंय ते लगेच उघडं पडतं.

---

जुळे_सोलापूरकर

काका, स्टूल टाकून बसायचं तर डिस्पॅच कोण बघणार? थिअरी म्हणून ठीक.

---

टॉवेलवाले_काका

अर्धा तास रे. अल्टरच्या बंडलवर आरडाओरडा करण्यात याहून जास्त वेळ जातो, फक्त तो कोणी मोजत नाही.

---

लाइन_नंबर_तीन

सगळ्यांचे आभार. काकांचं ऐकून बसलो. पहिल्यांदा अक्का म्हणाल्या, "काय करलालाव सर इथं? जावा की ऑफिसात." लाइन हसली. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं त्या विसरल्या आणि नेहमीच्या वेगानं चालू झाल्या.

जे दिसलं ते लिहितो, सुईदोरा ताई, तुम्ही बघा बरोबर आहे का. अक्का एका टोकाला कॉलर ठेवतात आणि सरळ दुसऱ्या टोकापर्यंत टीप मारत जातात, मध्ये कुठंही थांबत नाहीत. शेवटाला पोचल्यावर कधी कॉलर उरते, कधी गळा उरतो, मग तो ओढून बसवतात. काकांचा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मागच्या मध्यावर आलं की कळतंय. पण तवर अर्धी लागलेली असतीय."

मी म्हटलं, मध्याची खूण बघून लावा ना. त्यांनी एक शब्द न बोलता बंडलातून सहा-सात कॉलरी काढून माझ्या हातात दिल्या. काहींना मध्याचा कट होता, काहींना अर्धवट, दोन कॉलरींना नव्हताच. गळ्याच्या बाजूलाही तोच प्रकार. कटिंगला सध्या नवीन मुलगा आहे, कापडाचे थर जाड लावतो, खालच्या थरांपर्यंत नॉच, म्हणजे तो खुणेचा कट, पोचत नाही. शेजारच्या बाई कॉलर दुमडून स्वतः मध्य काढतात, म्हणून त्यांचा पीस चांगला. पण त्या मासिक पगारावर आहेत. आणि हो, अक्का पीस रेटवरच आहेत.

कटिंगचं बोलतो आजच. पण नॉच नीट आला तरी मध्ये थांबून बघायची सवय नाही, ती लावायची कशी?

---

सुईदोरा

बघा! मला हेच वाटत होतं, पण न बघता बोलू कशी.

खूण असली तरी थांबावं का लागतं, ते सांगते, कारण अक्कालाही हेच सांगायचं आहे. मशीनचे खालचे दाते खालचं कापड पुढं ओढतात. वरचं कापड मशीनच्या फूटखाली, म्हणजे कापड दाबणाऱ्या पट्टीखाली, अडतं, जरा मागं राहतं. एका टिपेला हे दिसत नाही. कॉलरच्या लांबीत ते साठत जातं आणि शेवटी वरचं कापड उरतं. जलद मारलं की आणखी. म्हणून वरचं कापड हातानं जरा पुढं सरकवत, खालचं जरासं धरून ठेवत न्यायचं, आणि मध्याच्या खुणेवर सुई आली की सुई खाली रुतवून थांबायचं. खूण खुणेवर बसली तर पुढं जायचं. नाही बसली तर तेवढंच उसवायचं, चार बोटं, आख्खी कॉलर नाही.

सवय लावताना बाकी काही बोलू नका. चुणी राहू द्या, टोक राहू द्या. फक्त मध्यावर थांबणं. दोन गोष्टी एका वेळी सांगितल्या की बाई दोन्ही सोडते. बंडल सुरू करताना पहिले थोडे पीस तुमच्यासमोर होऊ द्या, मग उठून जा. तुम्ही दिवसभर बसलात तर त्या तुमच्यासाठी थांबतील, स्वतःसाठी नाही.

आणि त्या आठवड्याच्या हप्त्याचं काय, ते मालकांशी बोलून मगच सुरू करा. आमच्याकडं नवीन काम शिकायचे दिवस असले की मागच्या काही हप्त्यांची सरासरी धरून तेवढे पैसे देतात, पीस कितीही निघो. एवढं कबूल केलं की बाया स्वतःहून विचारायला येतात.

---

कार्मिक_विभाग

मी एका कंपनीत एचआर बघते, चिंचोळी एमआयडीसीत. दोनच गोष्टींची भर घालते.

एक, पैशाची. पीस रेटवर असलेल्या कामगाराला कामाच्या वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. त्यामुळे "अल्टरचे पैसेच देऊ नका" हा सल्ला अमलात आणण्याआधी हिशेब तपासा, भाऊ.

दुसरी गोष्ट बोलण्याची. कामाबद्दल बोललं की काम सुधारतंच, असं आपण धरून चालतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली जुन्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र मांडून बघितले. सरासरीत फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम उलट घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की बोलण्यामुळे माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, मी कसा दिसतो, माझी लायकी काय यावर गेलं, की परिणाम कमी होतो. माझ्या अनुभवात कौतुकाचंही तसंच आहे. "अक्का, तुम्ही लई हुशार" याला काही अर्थ नाही. "या बंडलात मध्याची खूण सगळीकडं जुळलीय" याला आहे.

सगळ्यांसमोर आवाज चढवण्याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही, वरच्या आकड्यात ते आलं.

---

जुळे_सोलापूरकर

कायद्याचं माहीत नव्हतं. पण एक मान्य करा, सगळ्याच बाया अक्कासारख्या नसतात. काही जणांना खरंच करायचं नसतं.

---

टॉवेलवाले_काका

असतात की. मीही काढलीत माणसं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण काढताना त्याला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, काय हवं होतं आणि त्यासाठी आम्ही काय केलं. दुसरं वाक्य रिकामं असेल तर अजून काढायची वेळ आलेली नाही.

लाइनवाल्या, मालकांशी बोलताना "कोचिंग" हा शब्द काढू नको, ते म्हणतील पोरगा व्हिडिओ बघून आलाय. परत आलेली बंडलं टेबलावर ठेव. उसवायला किती वेळ, परत लावायला किती, तोवर पुढच्या बायका किती बसून, हे घड्याळ लावून मोज आणि त्याच्या शेजारी अक्काच्या हप्त्यातला फरक लिही. त्यांना आकडे कळतात.

---

लाइन_नंबर_तीन

मोजलं आणि दाखवलं. मालकांनी कागद बराच वेळ बघितला, मग म्हणाले, "सरासरी दे, पण फक्त कॉलरला, आणि फक्त महिनाअखेरपर्यंत." म्हणजे निम्मं काम झालं. लगेच बाहीवाल्या बायका विचारायला लागल्यात, आम्हाला का नाही. ते पुढचं पुढं.

कटिंगच्या मुलाला बोलावून अक्काच्या मशीनपाशीच उभा केला. त्यानं नॉच नसलेली कॉलर लागताना पहिल्यांदाच बघितली. आता थर कमी लावतो, पण खालचे काही पीस अजून सुटतात. अक्का म्हणतात, सुटलेल्या पिसावर मी चॉकनं खूण करून घेते. चालेल का ताई?

---

सुईदोरा

रंगीत चॉक पांढऱ्यावर अजिबात नको. मेणाचा असेल तर इस्त्रीखाली कापडात बसतो, मग कॉलरच्या मागं निळा ठिपका घेऊन पोरगं शाळेत जाणार. कॉलर दुमडून मध्यावर नखानं दाब द्यायचा, तेवढी घडी पुरते. कैचीनं नॉच मारायचाच तर शिलाईच्या मार्जिनच्या आत, मार्जिनच्या निम्म्याहून कमी. जास्त आत गेला की धुलाईत तिथूनच उसवतं.

आणि सुटलेले पीस अक्कांनी बाजूला ठेवावेत, रोज संध्याकाळी कटिंगच्या मुलानं येऊन ते मोजावेत. तुम्ही मोजू नका, त्यालाच मोजू द्या.